काठीवरचं निशाण

गाडी दुसऱ्या हाताची. ब्रॉलीतल्या टायरवाल्या ड्वेनने
मोडलेल्या लग्नाबरोबर तीही विकायला काढली,
सतराशे मैल पळालेली, सीटखाली अजून
कुणाची तरी केसांची पीन.

दोनच सीटा, शेजारी शेजारी.
दारं कमरेपर्यंत, वर नुसता लोखंडी पिंजरा.
ओदिलिया म्हणाली, "छप्पर नाही, काच नाही,
आणि हप्ता आख्ख्या मोटारीचा."
मी म्हणालो, हौस.
ती म्हणाली, हौसेला किती टक्के व्याज, ते विचार बँकेला.

मग उन्हाळाभर प्रत्येक शनिवार गॅरेजने गिळला.
ड्वेनचा पिंजरा कापून मी नवा वेल्ड केला
(दिवसा मी भाजीच्या शीतगृहाचे पाइप जोडतो,
रात्री हे. ठिणगी तीच, पगार नाही).
मागच्या चाकांना वल्ह्यांचे टायर:
रबराच्या आडव्या फळ्या, वाळूला पाण्यासारखं मागे लोटणाऱ्या.
हवेचा फिल्टर उंचावर नेला, इंजिनाने धूळ खाऊ नये.
जुना पट्टा काढून नवा घातला,
अजून एक कोरा सीटमागे बांधून ठेवला;
पट्टा तुटला की मग घोडा कसला,
नुसतं ओझं, तेही मऊ वाळूत, तेही दुपारी.

अपा रोज संध्याकाळी उलट्या बादलीवर येऊन बसायचे.
एकाहत्तर वर्षांचे. गुडघ्यांत अजून लेट्यूसच्या सऱ्या.
पान्हा मागितला की नेमक्या मापाचा द्यायचे,
बोलायचे नाहीत.
एकदाच विचारलं, "पाणी कुठे ठेवणार?"
"बर्फाची पेटी आहे की, अपा."
"ती नव्हे. पाणी."
दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पत्रा वाकवून
दोन कॅन बसतील असा कोनाडा केला,
माझ्या नव्या स्पीकरच्या जागी.
स्पीकर मी निमूट फळीवर ठेवले.

शेवटी उरली काठी.
जमिनीपासून आठ फूट, टोकाला नारिंगी निशाण.
नियमच आहे तो: टेकाडापलीकडून येणाऱ्याला
आधी निशाण दिसावं, मग आपण.
नाहीतर माथ्यावर समोरासमोर, आणि हाडं वेचत बसा.
अपांनी कापड दोन बोटांत धरून चाचपलं.
"हे सगळ्यांना दिसावं म्हणून?"
"हो. जितक्या लांबून दिसेल तितकं बरं."
ते हसले, दात न दाखवता.

नोव्हेंबर. ग्लॅमिस. पहाटेची वाळू गार, घट्ट.
टायरांतली अर्धी हवा फुस्स करून सोडली.
इत्सेल म्हणाली, पहिली फेरी आजोबांची.
मी त्यांच्या छातीवरचे पट्टे आवळले,
हेल्मेटची वायर जोडली.
पहिल्या टेकाडावर त्यांनी कडी घट्ट धरली,
दुसऱ्यावर सोडली,
तिसऱ्याच्या माथ्यावर माझ्या कानात त्यांचा श्वास,
आणि मग: "बंद कर."

तापलेलं लोखंड टिकटिकत राहिलं.
दक्षिणेला कालवा,
पट्टी लावून ओढल्यासारखा.
"रात्री तो डांबरी रस्ता वाटायचा," अपा म्हणाले.
"चंद्र असला की जास्तच.
आम्ही सात जण. दिवसा झुडपाखाली, उताणं पण नाही,
चेहरा चमकतो म्हणे.
फाब्यानच्या अंगात लाल सदरा होता, आईने शिवलेला.
तो आम्ही त्याला वाळूत पुरायला लावला."
"कुठे? इथेच?"
"वाळू कुठे जागेवर राहते?"

पलीकडून एक हिरवं निशाण वर आलं,
मग हेल्मेट, मग दोन माणसं, हात हलवत.
अपांनी हात वर केला,
बराच वेळ खाली घेतला नाही.
मग मागे वळून दोन्ही कॅन थोपटून पाहिले. भरलेले.
"चल," म्हणाले, "पोरगी थांबलीय.
आणि उतारावर एवढा घाबरू नकोस."